राघूची आठ नखं

फरिदाबादच्या आमच्या खोलीला जिना बाहेरून होता. लोखंडी, अरुंद, सतरा पायऱ्यांचा. कोण येतंय ते पावलांवरून कळायचं. बाबा एकेका पायरीवर थांबत यायचे, कारण दिवसभर उभं राहून त्यांचे गुडघे भरून यायचे. मी दोन-दोन पायऱ्या ओलांडत यायचो. माय पाण्याची बादली घेऊन चढायची तेव्हा जिना कण्हल्यासारखा वाजायचा. आणि साडेचारला शाळेची घंटा झाली की थोड्या वेळानं धाडधाड आवाज व्हायचा आणि अर्ध्या जिन्यातूनच हाक यायची, "माय, मी आली." ही कमल, माझी धाकटी बहीण. तिची हाक संपते न संपते तोच जिन्याच्या तोंडाशी टांगलेल्या पिंजऱ्यातून तेच वाक्य, त्याच आवाजात, त्याच घाईनं पुन्हा यायचं. "माय, मी आली." तो राघू. मायला दोनदा "ये बाई, ये" म्हणावं लागायचं. दुसऱ्यांदा म्हणताना ती हसायची.

आम्ही वाशीमकडचे. बाबा नाभिक. गावातल्या दुकानात भावांची वाटणी झाली तेव्हा बाबांनी हत्यारांची धोकटी उचलली आणि कोणाच्या तरी ओळखीनं इतक्या लांब आले. एका कारखान्याच्या फाटकासमोर कडुनिंबाखाली त्यांची खुर्ची होती. निंबाला खिळा ठोकून आरसा लावलेला. बिहारी, पंजाबी, मद्रासी, सगळी डोकी त्या खुर्चीत बसायची आणि बाबांना उस्ताद म्हणायची. मी चौथीनंतर शाळा सोडून त्यांच्या हाताखाली लागलो. सोडायला कोणी सांगितलं नव्हतं. मास्तरांनी सगळ्या वर्गासमोर माझ्या हिंदीची नक्कल केली, मी पाटी तिथंच ठेवून घरी आलो आणि पुन्हा गेलो नाही. बाबा दोनदा समजवायला आले, मी दोनदा नाही म्हटलं. हे मी चांगलं केलं असं म्हणत नाही, पण हे लिहितो आहे ते माझ्याच हातानं लिहितो आहे. माझी नात सई म्हणते, आजोबा तुम्ही बोला, मी टाइप करते. तिला म्हटलं, जे मी आजवर कोणाला बोललो नाही ते तुझ्या मशीनला कसं बोलू.

बाबांची शिकवण एकच होती, पकड. वस्तरा कोणीही चालवतो, ते म्हणायचे, पण दुसरा हात काय करतो त्यावर कारागीर ओळखावा. डाव्या हातानं डोकं असं धरायचं की माणूस शिंकला तरी हलू नये. "गिऱ्हाईक हलतं म्हणून कापत नाही, गजा. तुही पकड सैल हाये म्हणून कापते." मी सतरा-अठराचा होईतो माझी पकड बाबांपेक्षा पक्की झाली होती, आणि ते मला माहीत होतं. बाबांचे हात थरथर कापायला लागले होते. जुनी गिऱ्हाइकंही हळूच म्हणायची, उस्ताद, आज लडके से करवा लो. बाबा हसून बाजूला व्हायचे आणि मी छाती काढून पुढं व्हायचो. नखं काढायची नराणी तर मी बाबांकडून जवळजवळ काढूनच घेतली होती. चपटं, धारदार, बोटाएवढं हत्यार. एकदा लावली की नखाची चंद्रकोर एका दमात खाली पडायची. घरात कमलचे केसही मीच कापायचो. ती रडायची, "दादा घट्ट धरतो." माय चुलीपाशून म्हणायची, "हलका हात ठेव रे, पोरगी हाये, कोहळं नाही." मी म्हणायचो, कान कापला तर मग मला बोलू नका.

राघू कमलचाच. निंबाच्या ढोलीतून पडलेलं, अंगावर धड पिसं नसलेलं पिल्लू होतं ते. बाबांनी ते टॉवेलात घालून आणलं. आज असा रानातला पोपट घरात ठेवणं गुन्हा आहे आणि असायलाच पाहिजे. तेव्हा कोणाच्या मनातही तसं येत नसे. कमलनं त्याला भिजवलेली हरभऱ्याची डाळ बोटावर घेऊन भरवली. पिंजऱ्यात तिनं बाभळीची एक वाकडी फांदी आडवी घातली आणि वीटभट्टीच्या वाटेवरून आणलेला अर्धा वीटतुकडा तळाला ठेवला. राघू त्या विटेवर बसून चोच घासायचा, पाय घासायचा. पिंजरा झाडताना विटेची लाल भुकटी निघायची आणि माय कुरकुर करायची. गच्चीवर वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात मायनं मिरचीचं झाड लावलं होतं, तिकडच्या मिरचीला चव नाही म्हणून. त्याच्या मिरच्यांवर पहिला हक्क राघूचा, मग ठेच्याचा. बाबांना तिखट सोसायचं नाही, एका घासात ठसका आणि उचकी. ते दह्याशी भाकरी खायचे. ज्वारी मिळायची नाही, बाजरीवर भागवायचं. मायला हिंदी शेवटपर्यंत आली नाही. दिवसभरात तिच्याशी मराठी बोलणारे दोघंच असायचे, कमल आणि राघू.

कमल गेली तेव्हा अकरा वर्षांची होती. ताप आला, उतरला, पुन्हा आला, आणि दुसऱ्यांदा उतरला तो तिला घेऊनच. याहून जास्त मी त्याबद्दल लिहिणार नाही. तिचा एकही फोटो नव्हता. काढू, काढू म्हणत राहून गेला होता. तिची फ्रॉकं मायनं बोचक्यात बांधली, दप्तर शाळेला परत दिलं, आणि घरात तिचं म्हणून काही उरलं नाही असं आम्हाला वाटलं.

पाचव्या दिवशी साडेचारची घंटा झाली आणि जिन्याच्या तोंडाशी कमल म्हणाली, "माय, मी आली."

मायच्या हातातलं पीठ सांडलं. तिनं धावत जाऊन पिंजऱ्यावर पोतं टाकलं. दुसऱ्या दिवशी घंटेच्या आधीच टाकलं, तरी पोत्याखालून आवाज आलाच. बाबा म्हणाले, कोणाला तरी देऊन टाकू. माय पोतं सारखं करत राहिली. असे आठ-दहा दिवस गेले असतील. एक दिवस मी जेवायला उशिरा आलो होतो. घंटा झाली, राघू बोलला, आणि माय परातीतून हात न काढता, मान वर न करता म्हणाली, "ये बाई. हातपाय धू." त्या दिवसापासून पोतं गेलं. रोज साडेचारला दोघांचं बोलणं व्हायचं. राघूची हाक, मायचं उत्तर. मग ती उठून त्याला मिरची द्यायची. बाबा आणि मी जमलं तर त्या वेळी घरी नसायचो. ते बोलणं आमच्यासाठी नव्हतं.

माझ्या मनात आलं, पिंजरा तरी नीट करून द्यावा. बाभळीची फांदी घाण झाली होती, विटेची भुकटी मायला रोज झाडावी लागायची. कारखान्यातल्या एका गिऱ्हाइकानं मला लोखंडी नळीचा तुकडा कापून, घासून, चकचकीत करून दिला. मी फांदी आणि वीट फेकून दिली आणि ती नळी आडवी बसवली. मायला म्हटलं, बघ, आता झाडायला नको. ती नळीकडं बघत राहिली. म्हणाली, "वीट तिनं आणली होती." मी म्हटलं, विटा काय, फरिदाबादेत विटाच विटा. हे बोलणं मला आजही ऐकू येतं.

त्या गुळगुळीत नळीवर राघूची नखं वाढायला लागली. आधी कळलं नाही. मग ती आकड्यासारखी वळली, त्याला नळीवर सरळ बसता येईना. एकदा त्याचं नख मायच्या पदरात अडकलं आणि सोडवताना तो इतका ओरडला की शेजारची बाई धावत आली. एकदा तारेत अडकून उलटा लटकलेला सापडला. त्या रात्री जेवताना माय बाबांना म्हणाली, "एवढ्या जगाची नखं काढता. त्याची काढून द्या ना."

बाबा म्हणाले, "माणसाचं मले समजते. पाखराचं नाही समजत. नखात त्याच्या जीव असते, कुठवर ते दिसत नाही. जुन्या बाजारात पाखरंवाला बसते, रविवारी घेऊन जाऊ त्याच्याकडं."

"त्यात काय आहे," मी म्हटलं. "मी काढतो."

"तू हात लावू नको."

"तुमचा हात कापतो म्हणून माझाही कापतो का?"

बाबा ताटावरून उठले नाहीत. भाकरीचा तुकडा दह्यात बुडवून ते हळूहळू चावत राहिले. "रविवारी जाऊ," एवढंच पुन्हा म्हणाले. तो बुधवार होता. गुरुवारी माय एका मराठी घरी बारशाला गेली. मी बाबांना सांगितलं, जेवून येतो, आणि धोकटीतून नराणी आणि तुरटीचा खडा खिशात घालून घरी आलो. माझ्या मनात होतं की माय परत येईल, राघू त्याच्या नळीवर रुबाबात बसलेला असेल, आणि बाबांना रविवारी कुठं जावं लागणार नाही.

कसं केलं ते मी नीट लिहितो. राघूला पिंजऱ्यातून काढला तेव्हा त्यानं माझ्या अंगठ्याला चावून रक्त काढलं. मी त्याला डाव्या मुठीत घेतला, जसं बाबांनी शिकवलं होतं तसं, की हलू नये. पंख, छाती, पोट, सगळं मुठीत. फक्त डोकं वर आणि पाय खाली. त्याची नखं काळी, आतली शीर कुठं संपते ते दिसत नव्हतं. पहिली चार नखं छान निघाली. टोक उडायचं, टिक् असा आवाज यायचा. पाचव्याला त्यानं झटका दिला आणि नराणी वर गेली. थेंब थेंब रक्त यायला लागलं. मला भीती वाटली नाही. रक्त थांबवणं हा आमचा रोजचा धंदा. तुरटी ओली करून मी नखाला लावली आणि तो हलू नये म्हणून मूठ आणखी आवळली. तो ओरडला, पाखरू ओरडतं तसाच, शब्द नाहीत. मग गप्प झाला. रक्त थांबलं. मला बरं वाटलं. मनात म्हटलं, बघा बाबा, समजला तो, पकड ओळखली त्यानं. मग उरलेली तीन नखं मी निवांत काढली. त्यानं जरासुद्धा त्रास दिला नाही. आठही नखं एका मापाची झाली. मी ती उजेडाकडं धरून पाहिली, आणि मूठ उघडली. राघूची मान माझ्या मनगटावर पडली.

पाणी मारलं. चोचीत फुंकर घातली. तळव्यावर ठेवून हलवलं. अंग अजून ऊन होतं. इतकं ऊन की मला वाटत राहिलं, आत्ता उठेल. साडेतीन वाजत आले होते. मी त्याला हजामतीच्या पांढऱ्या कापडात गुंडाळलं, पिशवीत घातलं आणि नहरेच्या, म्हणजे कालव्याच्या, काठानं चालत बरंच पुढं गेलो. एका बाभळीखाली नराणीनंच माती उकरली. बुजवून झाल्यावर नराणी पाण्यात फेकली. परत येऊन पिंजऱ्याचं दार उघडं टाकलं. जमिनीवरची नखं वेचली. सातच सापडली.

माय आली ती घंटेच्या थोडी आधी. तिच्या पदरात बारशाच्या घुगऱ्या होत्या, राघूसाठी वेगळ्या बांधलेल्या. तिनं पिंजरा पाहिला, मग मला पाहिलं.

मी म्हटलं, "दार उघडं राहिलं. उडाला."

"तू पाह्यला उडताना?"

"हो."

"कोणीकडं गेला?"

मी हात केला. कुठं तरी दाखवायचं म्हणून दाखवलं, आणि हात गेला नहरेकडंच. तेवढ्यात घंटा झाली. आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो. जिना गप्प होता. माय घुगऱ्यांची पुरचुंडी तशीच धरून आत गेली आणि भिंतीकडं तोंड करून निजली. कमल गेली तेव्हाही ती अशी निजली नव्हती.

तुरटी मी गुपचूप धोकटीत परत टाकली होती. संध्याकाळी बाबांनी धोकटी उघडली. नराणी नव्हती. तुरटीचा खडा काढून त्यांनी तळव्यावर ठेवला, त्याची एक बाजू गुलाबी झाली होती. माझ्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. बाबांनी खडा पाहिला, माझा अंगठा पाहिला, रिकाम्या पिंजऱ्याकडं पाहिलं. मग मोरीवर जाऊन खडा धुतला, पुसला आणि परत धोकटीत ठेवला. मी वाट बघत होतो की आता मारतील. त्यांनी मारलं असतं तर मी सगळं बोललो असतो असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. मी बोललो नसतो. मी तसलाच होतो. दुसऱ्या दिवशी कोणी नखं काढायला आलं तर बाबा म्हणाले, नराणी खो गई. त्यांनी दुसरी घेतली नाही आणि पुन्हा कधी कोणाची नखं काढली नाहीत.

मायनं जेवण सोडलं. चहा घ्यायची, तेवढंच. पिंजरा तिनं गच्चीवर नेऊन ठेवला, दार उघडं, आत एक हिरवी मिरची. पाखरू भुकेला परत येतं असं तिला कोणी तरी सांगितलं होतं, किंवा तिनंच ठरवलं होतं. सकाळी जाऊन बघायची, मिरची सुकलेली असायची. ती काढून दुसरी ठेवायची. चौथ्या सकाळी ती गच्चीवरून खाली आली तेव्हा तिच्या हातात अर्धी मिरची होती. "आला होता," म्हणाली. "अर्धी खाऊन गेला." त्या दिवशी तिनं भाकरी केली आणि बाबांच्या शेजारी बसून चतकोर खाल्ली. क्षणभर मला खरंच वाटलं, की मातीतून उठला.

पुढं असंच चालू झालं. रोज नाही, पण दोन-तीन दिवसांनी मिरची अर्धी व्हायची, आणि त्या दिवशी माय जेवायची. मी मनाची समजूत काढली की रानातले पोपट येत असतील, तिकडं थवेच्या थवे होते. मग थंडीत एका पहाटे मला जिन्यावर उचकी ऐकू आली. धुकं असं की पुढची पायरी दिसत नव्हती. वर गेलो तर बाबा पिंजऱ्यापाशी उकिडवे बसलेले, डोळ्यांतून पाणी, एका हातात लोटा आणि दुसऱ्या हातात अर्धी मिरची. त्यांनी मला पाहिलं. मिरची पिंजऱ्यात ठेवली, देठ नीट आतल्या बाजूला करून. पाणी प्याले. पुन्हा उचकी आली.

"काल तुह्या मायनं दोन घास कमी खाल्ले," ते म्हणाले.

मी त्यांच्या हातातला लोटा घेतला.

"जा. खुर्ची मांड, मी येतो."

त्यानंतर आम्ही दोघं इतकी वर्षं एका निंबाखाली उभे राहिलो. हा विषय पुन्हा निघाला नाही.

आता थोडं आजचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आम्ही आता फरिदाबादेतच नवव्या मजल्यावर राहतो. सईनं कॉकटेल जातीचा एक परदेशी पोपट पाळला आहे, करडा, गालावर केशरी टिकल्या. दुकानातून त्याच्या पिंजऱ्यात प्लॅस्टिकच्या गुळगुळीत दांड्या आल्या होत्या. मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो की काढ त्या, पण का ते सांगत नव्हतो. म्हणून तिनं ऐकलं नाही. नखं वाढली. ती मला म्हणाली, "आजोबा, तुम्ही तर आयुष्यभर नखं काढलीत. प्लीज यार, करा ना." मी नाही म्हटलं. ती चिडली, म्हणाली, नेहमी नाहीच म्हणता. शेवटी तिच्यासोबत पाखरांच्या डॉक्टरकडं गेलो. पोरसवदा डॉक्टरीणबाई होती. तिनं मऊ टॉवेल पसरला, पाखराचं डोकं दोन बोटांच्या मधे घेतलं, आणि टॉवेल अंगाभोवती नुसता ठेवला, आवळला नाही. सईला हिंदीत सांगत होती. उजेड नखाच्या मागून घ्या, शीर दिसली तर तिच्या बरंच अलीकडं थांबा. शीर दिसत नसेल तर फक्त टोक, तांदळाच्या कणीएवढं. एका दिवसात सगळी काढायचा हट्ट नको, दोन काढा, सोडून द्या. जवळ वाटीत कॉर्नफ्लोर ठेवा, रक्त आलं तर दाबून लावा. तोंड उघडून श्वास घ्यायला लागला तर लगेच सोडा. खडबडीत फांदी ठेवा, मग घासून घासून नखं आपोआप झिजतात, कापायची वेळच कमी येते.

आणि मग ती म्हणाली, "बस सीना मत दबाना. सीना फूलेगा तभी सांस आएगी. नाक खुली हो, तब भी घुट जाते हैं. चुप हो जाएं तो लोग समझते हैं, शांत हो गया."

मी बाकावर बसलो. सईनं विचारलं, आजोबा, पाणी देऊ? मी मान हलवली. मी म्हातारा होईपर्यंत समजत होतो की राघू रक्त गेल्यानं मेला, नाही तर घाबरून. दोन-चार थेंब रक्त. मला तुरटीचा आधार होता. मी रक्त थांबवलं होतं, माझ्याकडून होतं ते मी केलं होतं. आणि ती मुलगी तिथं उभी राहून सांगत होती की तो गप्प झाला तेव्हा काय होत होतं, आणि मी तेव्हा उरलेली तीन नखं काढत होतो.

घरी येताना मी रिक्षा थांबवली आणि बांधकामाच्या ढिगावरून विटेचा एक तुकडा उचलला. सईनं तो धुऊन पिंजऱ्यात ठेवला. आता त्या पाखराची नखं कापायची वेळ आली की मी समोर बसतो, वाटी धरतो. हात लावत नाही.

बाबा गेले तेव्हा मी तिशीच्या आत होतो. तेराव्यानंतर पाहुणे पांगले. माय गच्चीवर जायची थांबली नव्हती, त्या दिवसांतही मिरची ठेवत होती. आणि मिरची सुकत होती. मी दोन दिवस पाहिलं. ती पुन्हा भिंतीकडं तोंड करून निजायला लागली होती. तिसऱ्या पहाटे मी गच्चीवर गेलो. मी तिखट खातो अशी माझी प्रौढी होती, पण उपाशीपोटी, नुसती, आपल्या घरची मिरची खाणं वेगळं. जीभ जळाली, कानांत आवाज यायला लागला. बाबांनी हे इतकी वर्षं कसं केलं असेल, त्यांना तर दह्याशिवाय घास जात नसे. उरलेली अर्धी ठेवून मी खाली आलो. माय सकाळी वर गेली, आली आणि जेवली. महिनाभर मी ते केलं.

एका सकाळी मी ठरलेल्या वेळेला वर गेलो तर माय आधीच तिथं होती. पिंजऱ्यापाशी बसली होती, मांडीवर मिरचीचं झाड लावलेला डबा. मी जिन्याच्या तोंडाशीच थांबलो. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. झाडाची पिवळी पानं खुडत होती.

"तुह्ये बाबा देठाकडून खात होते," ती म्हणाली. "तू शेंड्याकडून खातं."

मी पिंजऱ्याकडं पाहिलं.

"राघू कसा खाये, ठाऊक हाये ना? चिरून बिया काढून घे. साल तशीच ठेवे. दात थोडीच होते त्याले."

"माय..."

"त्यांना इतकं तिखट सोसत नव्हतं. तरी खात होते. म्हटलं, खाते तर खाऊ द्या. मी जेवली नाही तर तेही जेवत नव्हते." तिनं एक पान खुडलं, बघितलं, टाकलं. "आता ते नाहीत. उद्यापासून तू नको खाऊ. मी जेवीन."

ती कधीच विचारणार नव्हती, हे मला तेव्हा कळलं. सांगायचं असतं तर तीच वेळ होती. मी तोंड उघडलं आणि जिभेवरून शब्द पुढं सरकेना. तिनं थोडा वेळ दिला. खरंच दिला. ती पानं खुडत राहिली, झाडावर एकही पिवळं पान उरलं नव्हतं तरी बोटं फिरवत राहिली. मग डबा बाजूला ठेवून उठली आणि पिंजऱ्याचं दार लावायला लागली. इतकी वर्षं उघडं राहून ते गंजलं होतं, बिजागरीत अडकलं होतं. तिला ते ओढवेना. मी पुढं झालो आणि दाराला हात घातला.

मायनं माझा हात हलकेच बाजूला केला.

"राहू दे," ती म्हणाली. "तू फार घट्ट धरतं."